वाळवंटाचा बेत आणि कोलशेतचा रस्ता

लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी ह्यांनी कल्याणच्या लष्करी लिलावातून एक जुनी जीप आणली. तिला दारं नव्हती आणि स्टिअरिंग डाव्या बाजूला होतं. ठाण्यात टेंभी नाक्याजवळ आम्ही तिघंच राहत होतो, सासरे आणि आम्ही दोघं. जीप आली त्याच आठवड्यात बेत ठरला. होळी झाली की निघायचं. अजमेर, जोधपूर, जेसलमेरचं वाळवंट, मग पंजाबातून वर कुलूच्या डोंगरांत. सासरे भूगोलाचे निवृत्त शिक्षक, त्यांचा आनंद पोटात मावेना. रोज संध्याकाळी ते जमिनीवर नकाशा पसरून बसत आणि पाणी कुठे मिळेल, कुठल्या घाटात रस्ता अरुंद आहे, हे वहीत टिपून ठेवत.

मला त्या नकाशाकडे बघवत नसे. मार्गशीर्षात एका सकाळी दाढी करता करता हे कोसळले होते. हातपाय ताठ, डोळे पांढरे. सासरे तेव्हा भाजी आणायला गेले होते. शुद्धीवर आल्यावर ह्यांचे पहिले शब्द होते, "बाबांना सांगू नकोस." पित्त झालं असेल म्हणाले. मीही शब्द देऊन बसले.

सासऱ्यांचं बोट कुलूच्या वाटेवर फिरू लागलं की मला ती दरी दिसे आणि स्टिअरिंगवरून निसटणारे ह्यांचे हात दिसत. शेवटी एकदा धीर करून ह्यांना म्हटलं, "वाटेत तुम्हाला काही झालं तर गाडी कोण चालवणार?" ते म्हणाले, "तू शीक."

मला वाटलं होतं ते बेत सोडतील. उलट पुढच्या रविवारपासून मी कोलशेतच्या रस्त्यावर क्लच दाबत होते. एका अंगाला खाडीचं चिखलाचं खाजण, दुसऱ्या अंगाला गवत. समोरून बैलगाडी आली की मी ती जाईपर्यंत जीप थांबवून ठेवी.

पाचव्या रविवारी हे शेजारी बसून मला गिअरबद्दल काही सांगत होते. वाक्य मध्येच तुटलं. मी वळून पाहिलं तर ते ताठ झाले होते आणि उघड्या बाजूने बाहेर कलंडत होते. मी उजव्या हाताने त्यांचा सदरा धरला. डाव्या हातातलं स्टिअरिंग फिरलं आणि जीप खाजणाकडे वळली. दोन्ही पाय दाबले. ती कडेला हिसका देऊन थांबली.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. झटका ओसरला, पण शुद्ध येईना. मागे दोर होता, त्याने मी त्यांना सीटला बांधलं. नवऱ्याला बांधताना गाठ तीनदा सुटली. मग पहिल्या गिअरमध्येच ठाण्यापर्यंत आले, कारण गिअर बदलायला त्यांना धरलेला हात मोकळा करायची हिंमत नव्हती. इंजिन ओरडत होतं, माणसं थांबून बघत होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, हे आधी कधी झालं होतं का. सासरे तोवर धावत आले होते. हे आता शुद्धीवर होते, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगून टाकलं.

डॉक्टरांनी ह्यांना गाडी चालवायला कायमची बंदी केली. घरी आल्यावर सासऱ्यांनी नकाशाची घडी घातली. मला वाटलं, रागावतील. ते एवढंच म्हणाले, "इतके महिने एकटीने सांभाळलंस होय."

ह्यांनी माझ्याशी आठ दिवस बोलणं टाकलं. नवव्या दिवशी स्वतःच औषधाची बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, वेळा तू सांगत जा.

जेसलमेर आम्ही कधीच पाहिलं नाही. दोन वर्षांनी नाशिकला गेलो, तिघंही, गाडी मी चालवत होते. कसाऱ्याच्या घाटात सासरे मागे बसून डोंगरांची माहिती सांगत होते. मी त्यातलं एक अक्षर ऐकलं नाही. दर वळणाला शेजारी बघत होते, हे सरळ बसलेत ना.