जेवलीस काय गो

माझ्या आयेच्या आवाजावर लोक नाचत होते.

बहरीनच्या अमवाज बेटावरचा व्हिला. संध्याकाळची वेळ. अद्वैतच्या घरी नवा अल्बम पहिल्यांदा ऐकवायचा कार्यक्रम. अद्वैत म्हणजे पुण्याच्या एका बँकवाल्या साहेबांचा मुलगा. बहरीनमधल्या ग्राइम गाणाऱ्यांना त्याने एका अल्बमात गोळा केलं होतं. ग्राइम म्हणजे लंडनच्या गरीब वस्त्यांतून आलेला रॅप, भरभर आणि रागाने म्हणायचा. मी सीफच्या मॉलमधल्या सलूनमध्ये बायकांचे पाय घासते. रागाला माझ्याकडे तोटा नाही. अल्बमात एक गाणं माझं येणार होतं. मैत्रिणीचा ड्रेस मागून घालून गेले होते.

दोनतीन गाणी वाजली. आणि स्पीकरमधून आये बोलली, "जेवलीस काय गो?"

खाली धाडधाड बीट. परत, "जेवलीस काय गो?" परत तेच. मग माझा आवाज, "जेवले गे. गुडघ्याला तेल लावलंस?" मग तिचं रडणं. गुडघा ठणकत होता म्हणून ती रडली होती. त्या हुंदक्यालाही यांनी ताल लावला होता. लोक हातात ग्लास घेऊन ओरडत होते, "जेवलीस काय गो!"

मला आधी कळेचना. मग आठवलं. सुट्टीच्या दिवशी आयेचा फोन येतो, तो मी कुठेही असले तरी उचलते. नाही उचलला तर ती घर डोक्यावर घेते. रेकॉर्डिंगच्या दिवशीही माइकसमोरच उचलला, स्पीकरवर. अद्वैत काचेपलीकडे बसला होता. मला वाटलं, त्याने रेकॉर्डिंग थांबवलं असेल. एवढी लाज माणसाला असते असं मी धरून चालले.

अद्वैतची आई माझ्या शेजारी उभी होती. म्हणाली, "किती गोड बोलतात ना हे लोक."

हे लोक. मी तिथेच उभी होते, तोंडात त्यांच्या घरचा सामोसा. शी. टिश्यूत थुंकले.

आमच्या वाडीत कुणी कुणाला कशी आहेस विचारत नाही. जेवलीस का विचारतात. कारण न जेवता निजायची पाळी प्रत्येक घरावर आलेली आहे. आये मला वाढायची, स्वतः पाणी पिऊन पडायची, आणि तरी विचारायची. त्या प्रश्नावर ही पोट भरलेली माणसं उड्या मारत होती.

अद्वैतला गाठलं. "माझं गाणं कुठाय?"

"ते जरा जड झालं गं. वेगळी विहीर, जात, वगैरे. मूड जातो. हे बघ कसं ऑथेंटिक आहे. तुझं नाव टाकलंय की."

"काढ ते."

"यार, लोकांना तेच आवडतंय. बरं, तुझं गाणंपण घेतो. पण हे राहू दे."

जीव अडकला माझा. खोटं कशाला बोलू. अल्बम लंडनला ऐकला जाणार होता. रोज दुसऱ्यांच्या टाचा घासताना मी तेच गाणं मनात म्हणत आले होते. ते आता हातात येत होतं, फक्त आयेला नाचवू द्यायचं होतं.

"दोन्ही काढ. माझ्यासमोर."

"तू ओव्हररिॲक्ट करतेयस."

"यल्ला, चल लवकर. काढ."

गाणं बंद पडलं तसे सगळे बघायला लागले. लॅपटॉपवर त्याने आधी आयेचा आवाज पुसला, मग माझं गाणं. पुसताना चेहरा असा, की माझ्यावरच उपकार करतोय. मी दाराकडे वळले. मागून त्याची आई म्हणाली, "अगं, जेवून तरी जा."

बाहेर येऊन रस्त्याकडेला ओकले. आधी खाल्लेला सामोसा पडला तेव्हा बरं वाटलं.

आता हूरा या वस्तीतल्या माझ्या खोलीत गोधडी डोक्यावर घेऊन रेकॉर्ड करते. तेच गाणं. विहीर आहे, जात आहे, घासलेल्या टाचा आहेत. एक शब्द हलका केलेला नाही. अद्वैतचा मेसेज आला, पुढच्या अल्बमला ये म्हणून. मी आता कुणाच्याच अल्बमात जाणार नाही. ज्यांना माझा मूड झेपत नाही, त्यांच्या घरात माझा आवाज वाजणार नाही. हूरातले आम्ही गाणारे आमचा अल्बम काढतोय, आणि कुणाचं काय जड झालं ते विचारणार नाही.

मधे आयेचा फोन येतो. मी आधी माइकची वायर उपटते. मग सांगते, जेवले गे.