अण्णांच्या जीपचं इंजिन

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आम्ही अण्णांचं दुसऱ्यांच्या गाड्या चालवणं बंद केलं आणि घरात कुणालाच चैन पडेनाशी झाली. सकाळी चहा झाला की ते पाथरीच्या स्टँडवर जायचे, तासाभरात परत यायचे, पाणी प्यायचे आणि पुन्हा चप्पल पायात घालायचे. माय बेजार झाली. "ह्यांना कायतरी काम लावून दे," ती मला म्हणाली, "न्हाईतर मी माहेरी जाऊन राहते."

मी परभणीला शाळेत शिकवते. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले होते. अंगणात पत्र्याच्या शेडखाली आमची जुनी जीप चौदा वर्षांपासून उभी होती. मी सहज म्हटलं, "अण्णा, हिचं इंजिन खोलायचं का?"

अण्णांनी जीपभोवती एक चक्कर मारली. दुपारी पान्यांची पेटी बाहेर आली.

ही जीप अण्णांनी पॅसेंजर भरून पाथरीहून सेलू, पुढं देवगाव फाट्यापर्यंत बारा वर्षं चालवली. मग एक दिवस तिचं इंजिन जाम झालं. त्या दिवशी अण्णांना ताप होता म्हणून गाडी माझ्या भावाकडे होती. तो वीस वर्षांचा होता, मी तेरा. मला सेलूला मावशीकडे सोडायचं होतं, पण तिथं कुलूप दिसलं म्हणून मी तशीच गाडीत बसून राहिले. देवगाव फाट्याजवळ आवाज आला आणि गाडी जागेवर थांबली. निरोप गेल्यावर अण्णा तापातच तिथं आले. "पाणी न घालता पळवलीस," म्हणाले आणि उतरलेल्या साऱ्या पॅसेंजरसमोर त्यांनी भावाच्या थोबाडीत मारली.

महिन्याभरात भाऊ पुण्याला कंपनीत लागला. वर्षातून एकदा येतो, दोन दिवस राहतो. फोन करतो तो मायला.

इंजिन खाली उतरवायलाच चार दिवस लागले. वरचं हेड निघालं. मग अण्णांनी खालचं ऑइलचं चेंबर खोललं. मी पाने द्यायची, माय परातीत डिझेल घेऊन एकेक पार्ट धुवायची. अण्णा एका जागी बसत नव्हते. एक बोल्ट काढला की उठायचे, शेडबाहेर जाऊन यायचे.

ऑइल ज्यातून वर ओढलं जातं ती जाळी धुताना माय थांबली. जाळीत काळं, घट्ट काहीतरी अडकलं होतं. तिनं ते बोटांनी ओढून काढलं, डिझेलमध्ये चोळलं. चिंधी होती. धुतल्यावर तिचा हिरवा रंग दिसायला लागला.

"ही माझ्या लुगड्याची हाय," माय म्हणाली. "गाडी बंद पडायच्या आधी तुमी चेंबर खोललं व्हतं. पुसायला मीच फाडून दिलती."

अण्णांनी चिंधी हातात घेतली. मग पिस्टन ज्या दांड्याला फिरवतात त्या क्रँकवरची बेअरिंग पाहिली. ऑइल न मिळाल्यानं ती वितळून क्रँकला चिकटली होती. पिस्टन, लायनर मात्र बऱ्यापैकी होते. पाण्याविना इंजिन तापलं असतं तर आधी तेच गेले असते; पाण्याचा काही संबंध नव्हता. त्यांनी चिंधी कागदात गुंडाळून खिशात घातली आणि त्या दिवशी पुन्हा पान्याला हात लावला नाही.

माझी झोप उडाली ती दुसऱ्याच कारणानं. गाडी बंद पडली त्या दिवशी सेलूच्या अलीकडे हापशावर गाडी थांबवून भावानं रेडिएटरमध्ये पाणी घातलं होतं. मी बघितलं होतं. फाट्यावर अण्णांनी हात उचलला तेव्हा मी त्यांच्यापासून चार पावलांवर उभी होते आणि गप्प राहिले होते. पुढं चौदा वर्षं गप्पच राहिले.

तिसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, "त्याला फोन लाव." मी फोन लावून स्पीकरवर ठेवला. "क्रँक परभणीहून घासून आणलाय. बसवायचाय. मला बारीक दिसंना गेलंय," एवढंच म्हणाले.

पलीकडून भाऊ म्हणाला, "बघतो."

शनिवारी तो आला. दोघं कामाला लागले, बोलणं फक्त पाना, बोल्ट, बेअरिंग एवढंच. क्रँक बसल्यावर अण्णांनी खिशातला कागद काढून त्याच्यासमोर उघडला.

"हे जाळीत व्हतं. माझ्या हातनं राहिलं."

भावानं चिंधीकडे पाहिलं. "मी पाणी घातलं व्हतं. तुमाला सांगितलंबी व्हतं."

"सांगितलं व्हतंस. मी ऐकलं न्हाई." अण्णा खाली बघत होते. "आन् समजा तुझी चूक असती, तरी लोकांसमोर हात उचलायला नको व्हता."

भाऊ उठला, हात पुसत फाटकातून बाहेर गेला. अर्धा तास झाला, तास झाला. माय दारात उभी, अण्णा शेडमध्ये येरझारा घालत होते. शेवटी मी स्कूटी काढली. सेलू रस्त्याला तो एका बाभळीखाली उभा सापडला.

"मी बघितलं व्हतं," मी म्हटलं. "हापशावर तू पाणी घालताना. मी बोलले न्हाई."

"मला माहीत हाय," तो म्हणाला. "तू मागच्या सीटवर व्हतीस. फाट्यावर तू बोलशील म्हणून मी तुझ्याकडं बघायलो व्हतो."

मी स्कूटी वळवून उभी केली. तेरा वर्षांची होते, भ्याले होते, हे सगळं खरं होतं. पण त्याच्यासमोर ते सांगवेना. तो स्कूटीवर मागं बसला. घरी आल्यावर अण्णांना त्यानं विचारलं, "नवी जाळी आणलीय का जुनीच लावायलाव?"

"नवी," अण्णा म्हणाले.

रविवारी गॅरेजची दोन पोरं हाताशी घेऊन इंजिन वर चढवलं आणि संध्याकाळी ते सुरू झालं. आधी नुसता धूर, मग गचके देत धडधड. अण्णांनी भावाला स्टिअरिंगवर बसवलं. माय आणि मी मागं. सेलू रस्त्यानं तीनेक किलोमीटर गेलो असू. अण्णा शेजारी बसून पुन्हा पुन्हा ऑइलच्या काट्याकडं वाकून बघत होते आणि वळण आलं की त्यांचा पाय आपोआप खाली दाबला जायचा.

भाऊ सोमवारी पुण्याला गेला. आता तो दर रविवारी अण्णांना फोन करतो. इंजिनच्या मागच्या सीलमधून ऑइल गळतंय, त्यावरून दोघांचा वाद चालू आहे. माझ्याशीही तो बोलतो, शाळेचं विचारतो. बाभळीखालचं बोलणं मात्र आम्ही दोघांनीही पुन्हा काढलेलं नाही. फोन ठेवल्यावर मी परभणीतल्या घरासमोर बराच वेळ फिरत राहते, अण्णांसारखी.