तू कोणाची वं?

‘ते सारं ठीक आहे. पण तू कोणाची वं?’

अकोल्यातील एका बियाणे कंपनीच्या कार्यालयात माझा परिचय तिथेच तुटला. समोर तिघे होते. प्रश्न मधल्या, वयस्कर व्यवस्थापकांचा. बीजशास्त्रात एम.एस्सी. केले आहे, उगवणक्षमतेच्या चाचण्या स्वतंत्रपणे करते, प्रयोगशाळेतील विश्लेषकाच्या पदासाठी आले आहे, इतके सांगून झाले होते. नाव सांगितले होते, वडिलांचेही. आडनाव नाही. आमच्या घरची तशीच पद्धत.

वऱ्हाडात हा प्रश्न नवा नाही. एसटीत सरकून जागा देणारी म्हातारीही तो विचारते आणि कुठून तरी नाते काढते. माझ्या आधीच्या मुलीलाही त्यांनी तोच विचारला होता. दाराबाहेर ऐकू आले होते. ‘तुहा मामा तं आमच्या सोयऱ्यातला निंगाला.’ मग हसणे. मग चहा.

मी नांदगाव खंडेश्वरजवळचे आमचे गाव सांगितले.

‘गावात घर कोण्या बाजूले? मारुतीच्या पाराकडे, का निळ्या झेंड्याकडे?’

‘झेंड्याकडे.’

कोणी आवाज चढवला नाही. त्यांनी माझी फाईल मिटली. अगदी हळुवारपणे.

‘मंग असं कर. लॅबमंधी जागा नाई. वावरातून नमुने आणाले माणूस लागते आमाले. तुमच्या लोकायले उन्हाची सवय असते.’

मी ‘धन्यवाद, सर’ म्हणाले.

माझेच ते दोन शब्द अजून माझा पिच्छा सोडत नाहीत. अमरावतीच्या खोलीवर आरशासमोर परिचयाचा सराव करते, आणि मध्येच तो माणूस बोलू लागतो. मी थांबते. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तो.

आईला फोनवर सांगितले.

‘झेंड्याचं काहून सांगतलं वं? नुसतं अमरावती म्हणाचं.’

‘त्यांनी विचारलं, आई.’

‘विचारतेतच ते. तुह्या बाबानं सारी नोकरी नुसत्या नावावर काढली.’

ते खरे होते. निवृत्तीच्या दिवशी बाबांना मिळालेल्या मानचिन्हावरही आडनाव नाही. मात्र कार्यालयात बाबांची जात कोणाला ठाऊक नव्हती, असे मुळीच नाही. सगळ्यांना ठाऊक होती. लपवण्याचे कष्ट तेवढे एकट्या बाबांच्या वाट्याला आले. हे ध्यानात आले आणि माझ्या आत काहीतरी कायमचे घट्ट झाले.

गेल्या महिन्यात अमरावतीत दुसरी मुलाखत झाली. नाव, वडिलांचे नाव, आडनाव मी सलग सांगितले. मग काम. टेबलामागचे गृहस्थ आडनावापाशीच अडकले.

‘म्हणजे तुम्ही...’

‘बौद्ध. आता बियाण्यांबद्दल विचारा.’

त्यांनी माझा अर्ज बाजूला सारला. ‘बरं. कळवू.’

‘काय कळवणार? माझी परीक्षा तर झालीच नाही.’

ते दाराकडे पाहू लागले. कानात अकोल्याचा आवाज होताच. तो जाणार नाही, असे मी आता गृहीतच धरते.

‘चाचणी घ्या, सर. नाहीतर घेणार नाही, असं लिहून द्या. तोवर मी उठत नाही.’

त्यांनी दोन्हींपैकी काहीही केले नाही. कार्यालय बंद होईपर्यंत मी त्या खुर्चीत बसून होते. नोकरी मिळाली नाही. पुढच्या टेबलासमोरही मी पूर्ण नाव सांगणार आहे, आणि माझ्या कामाची परीक्षा झाल्याखेरीज कोणालाही धन्यवाद म्हणणार नाही.