मोठे टायर आणि बायकोचा एक प्रश्न

मंडळी, आजचं आजच सांगतो, पोटात राहणार न्हाय.

महिन्यापूर्वी हौसेनं जीपला मोठे टायर लावले. गाडी रुबाबदार दिसायला लागली, पण चढ आला की धापा टाकायची. गेल्या रविवारी सासऱ्यांना निपाणीहून आणताना तवंदी घाटात ती एवढी रेंगाळली की सासरे वैतागून खाली उतरले आणि चालत माझ्या आधी वर पोचले.

म्हणून मोठी चाकं फिरवायला जोर मिळावा यासाठी आज निपाणीच्या आप्पा मेस्त्रींकडं जीपचे गिअर बदलून घ्यायला गेलतो. सोबत बायको.

"आप्पा, सध्या मागच्या चाकांच्या एक्सलचेच गिअर बदला," मी म्हटलं.

"वकीलसाहेब, मग फोर-व्हील लावून चारी चाकांना जोर दिला की पुढची चाकं एक म्हणणार, मागची दुसरंच. आतल्या आत भांडून गाडी मोडंल."

"दोन्हीकडचे बदला," बायकोनं निकाल दिला.

संध्याकाळी परतताना त्याच घाटात जीप सरसर चढली. मी छाती फुगवून विचारलं, "कशी वाटली?"

"झकास! पण मला सांगा, तुम्ही रोज टिळकवाडीतनं सपाट डांबरी रस्त्यानं कोर्टात जाता. त्याला एवढे मोठे टायर कशाला लागत होते?"

घरी येऊन दोन तास झाले. ती अजून उत्तराची वाट बघतेय. तुमच्यापैकी कुणी असे टायर लावले असतील, तर घरी काय सांगितलंत ते लवकर कळवा की!