पाववाल्याची आगाऊ शिकवण

त्या पाववाल्याचा मला आजही राग येतो. गोरे देश सोडून जाऊन चार-पाच वर्षं झाली होती, आम्ही देहूरोडला लष्करी डेपोच्या क्वार्टरमध्ये राहायचो. रोज संध्याकाळी सगळे गुडघ्यांवर बसून मोठमोठ्यानं रोझरीची, म्हणजे जपमाळेची, प्रार्थना म्हणायचो आणि हा नेमका तेव्हाच यायचा. टोपली उतरवून, टोपी काढून उंबऱ्याबाहेर गप्प उभा राहायचा.

एकदा प्रार्थनेत माझ्या थोरल्या मुलीचे डोळे मिटले, ओठ थांबले. डुलकी काढते म्हणून मी तिच्या पाठीत धपाटा घातला.

"साहेब, पोर देवाजवळ गप बसली होती," तो बाहेरून म्हणाला. "तुम्ही उठवलंत तिला."

पाव विकणाऱ्यानं मला प्रार्थना शिकवावी? मी दार त्याच्या तोंडावर आपटलं.

त्यानंतर थोरलीनं प्रार्थनेत कधी डोळे मिटले नाहीत. ती माझ्या हाताकडे बघत असायची.