तरवडाच्या बियांचे गोळे

सोलापुरात मार्शल लॉ लागला, त्याच्या आधीची दोन-तीन वर्षं आम्ही पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत राहत होतो. माझे यजमान शाळेत मास्तर होते. पगार बेताचा, म्हणून एका विणकराच्या घरातल्या पुढच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या होत्या. मागच्या खोलीत त्यांचा हातमाग होता. घरमालकाच्या बायकोला सगळी गल्ली अक्का म्हणायची, मीही म्हणू लागले. तिचं माहेर निजामाच्या मुलखात, घरात बोलणं तेलुगू. पण माझ्याशी ती सोलापूरचं मराठी बोलायची आणि मला नुसतं ‘बाई’ म्हणायची.

अक्काला एकच मुलगी. ती गावातच दिली होती. फाल्गुनात तिच्या सासरचे तिला टांग्यात घालून घेऊन आले आणि सोडून गेले. खोकला थांबत नव्हता, संध्याकाळी अंग तापायचं. डॉक्टरांनी क्षय सांगितला आणि उघड्या हवेत बसवा म्हणाले. मग रोज सकाळी अक्का तिला अंगणात पोतं अंथरून बसवायची. वीस-एकवीस वर्षांची मुलगी, भिंतीला टेकून मागाच्या आवाजाकडे कान देऊन असायची.

त्या लोकांत भाद्रपद अमावास्येपासून बतुकम्मा मांडतात. ताटात रानफुलांचे थर रचून निमुळती उतरंड करायची, बायकांनी तिच्याभोवती फेर धरून गाणी म्हणायची आणि शेवटच्या दिवशी ती पाण्यात सोडायची. त्याला तरवडाची पिवळी फुलं आणि कुर्डूचे तुरे लागतात. लेकी त्यासाठी माहेरी येतात. पूर्वी अक्कलकोट नाक्यापलीकडच्या माळावर तरवड मुबलक होता. पण कातडी कमावायला त्याची साल लागते. सालवाल्यांनी तो माळ पार सोलून काढला, आणि उरलेलं लोकांनी जळणाला नेलं. आदल्या वर्षी अक्का फुलांसाठी दोन कोस चालून आली होती आणि तरी ताट अर्धंच भरलं होतं.

तरवड आपणच लावावा, ही कल्पना मुलीची; तेव्हा सणाला आली असतानाच तिनं ती काढली होती. अक्कानं हिवाळ्यातच वाळक्या शेंगा आणि कुर्डूचं बी आणून ठेवलं होतं, पण ते नुसतं फेकलं तर मुंग्या आणि पाखरं खाऊन जातील, असं तिला वाटत होतं. माझं माहेर बार्शीकडचं, घरी कापूस असायचा. पेरायच्या आधी सरकी शेणमातीत चोळून घेतात, हे मी लहानपणी पाहिलं होतं. तसेच गोळे करू, असं मी सुचवलं.

वैशाखात आम्ही तिघी रोज सकाळी त्याला बसायचो. ओढ्याच्या कडेची चिकट माती मी आणायची, अक्कानं शेण आणि थोडी राख मिसळून ती मळायची, आणि मुलीनं लिंबाएवढे गोळे वळून प्रत्येकात तरवडाच्या दोन-तीन बिया आणि चिमूटभर कुर्डू दाबायचा. लहानपणापासून मागासाठी सुताच्या कांड्या भरलेले तिचे हात; सगळे गोळे अगदी सारखे व्हायचे. मध्येच खोकल्याची उबळ आली की ती मातीचे हात दूर धरून वाकायची, आणि उबळ गेली की पुन्हा वळायला लागायची. ते गोळे आम्ही सुपात घालून सावलीत वाळवले.

मृगाच्या तोंडावर मी आणि अक्का दोन टोपल्या घेऊन माळावर गेलो. मुरमाड जमीन, खाली बोटभरसुद्धा माती नाही. जिथं खळगा दिसेल तिथं गोळे टाकले. घरी आलो तर मुलीनं कुठं कुठं टाकले ते सगळं विचारून घेतलं.

पाऊस वेळेवर झाला. आठ-दहा दिवसांनी जाऊन पाहिलं, तर फुटलेल्या गोळ्यांतून कुर्डूची रोपं वर आली होती आणि काही ठिकाणी तरवडाचीही दोन पानं दिसत होती. मी ते तिला सांगितलं. ते खरं होतं. त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवली.

त्यानंतर महिनाभर पावसानं तोंड दाखवलं नाही. जे तगलं ते शेळ्यांनी खाल्लं. श्रावणात अक्का एकटीच माळावर जाऊन आली. मी दारातच होते. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तशीच आत गेली. आतून तिचा आवाज ऐकू आला. लेकीला ती तेलुगूत काहीतरी सांगत होती. मग बाहेर येऊन मला म्हणाली, “लई दाट आलंय म्हणून सांगितलंय. तुमी बी तेच सांगा, बाई.”

मी तेच सांगत राहिले. रोपं किती उंच झाली, कुठल्या बाजूची जास्त वाढली, हे ती विचारायची आणि मी उत्तर द्यायची. आधी जीभ अडखळायची, पुढे अडखळेनाशी झाली. यजमानांना हे आवडलं नाही. पण मरणाऱ्या माणसाला खरं काय सांगायचं, ते त्यांनाही सांगता येईना.

अमावास्येच्या दोन दिवस आधी अक्का सूत आणायला बाहेर गेली होती. मुलीनं मला आत बोलावलं. तोवर ती उठेनाशी झाली होती, बिछाना मागाशेजारीच होता. म्हणाली, “वैनी, आपल्या माळावरची एक फांदी आणून दाखवता का?”

मी हो म्हटलं. नाक्याच्या पुढे गेले, आमचा माळ मागे टाकला, उन्हात आणखी कितीतरी चालले. एका ओढ्याकाठी अर्धी साल सोललेलं एक झुडूप होतं, वरच्या एका फांदीला फुलं होती. ती मोडून पदराखाली झाकून आणली.

तिनं फांदी हातात घेतली. फुलांवरून बोट फिरवलं. मग अगदी शांतपणे म्हणाली, “कुर्डू आणायचा होता, वैनी. तरवडाला पहिल्या वर्षी फूल येत न्हाय.”

मी तांब्यात पाणी आणून फांदी त्यात ठेवली. ती रागावली नव्हती. म्हणाली, “अम्माला सांगू नका. तिला वाटू दे मला पटलंय म्हणून.”

अक्का परत आली तेव्हा फांदी पाण्याच्या तांब्यात होती. मुलीनं तिला हसून दाखवली. अक्काचा चेहरा क्षणभर उजळला आणि लगेच तिनं माझ्याकडे पाहिलं. ती फांदी कुठली, हे तिनं ओळखलंच असणार. त्या एका तांब्याभोवती आम्ही तिघी एकमेकींपासून तोंड लपवून बसलो होतो.

बतुकम्मा बाजारच्या झेंडूची झाली. मुलीला उचलून दारापाशी आणलं होतं. फेर संपायच्या आत तिला झोप लागली. कार्तिकात ती गेली.

त्यानंतर अक्का माझ्याशी बोलायची, पण कामापुरतं; मला पाहिलं की तिला लेकीशी बोललेलं खोटं आठवत असावं. मुलीच्या वाटणीच्या कांड्या आता तीच भरायची. पुढच्या वैशाखात मी ओढ्याची माती आणून अंगणात भिजत घातली. कशासाठी, ते माझं मलाही नीट सांगता आलं नसतं. अक्कानं ती पाहिली आणि म्हणाली, “नका भिजवू, बाई. मी आता ताट मांडत न्हाय.” मी ती माती मोरीत ओतून टाकली.

त्याच वर्षी यजमानांची बदली बार्शीला झाली. निघताना मी मागच्या खोलीत निरोप घ्यायला गेले. अक्का मान खाली घालून सूत गुंडाळत होती. बसा म्हणाली. मी जरा वेळ बसले. बाहेर टांगेवाला हाका मारत होता. ती म्हणाली, “जावा आता, गाडी चुकंल.” मी उठले, आणि मी बाहेर पडेपर्यंत तिनं मान वर केली नाही.