अर्धी राहिलेली बातमी

चव्वेचाळीसच्या डिसेंबरात आमची मोटर ट्रान्सपोर्ट कंपनी इंफाळच्या पुढे, चिंदविन नदी ओलांडून जाणाऱ्या डोंगरी रस्त्यावर होती. काम सरळ होतं. पहाटे गाड्या भरायच्या, राशन आणि दारूगोळा पुढे पोचवायचा, येताना जखमी आणायचे. मी इंझोरीचा, माळ्याचा पोर. बैलगाडीतून वांगी-मिरची बाजाराला नेणारा माणूस लॉरी चालवू लागला, यात माझं कर्तृत्व कमी आणि सरकारची गरज जास्त होती.

माझ्या पुढची गाडी शामुवेलची. तो वाशीमचा, गिरजाघरामागच्या वस्तीतला. तेव्हा आमचा मुलूख अकोला जिल्ह्यात मोडायचा. डेपोत गाडी मागे घेताना मी त्याचा आरसा फोडला, तेव्हा तो ओरडला, "काहून बे, डोये फुटले काय?" आपल्या वऱ्हाडीत शिव्या खाऊन इतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता. त्या दिवसापासून आम्ही एका ताटात जेवू लागलो.

सेक्शनमध्ये ख्रिस्ती तो एकटाच. बाकी सगळ्यांना नाताळ म्हणजे बडा दिन, आणि बडा दिन म्हणजे बडा खाना. मटण, पुरी, रम. आमचे हवालदारसाहेब तर दसऱ्यापासूनच बड्या दिनाची वाट बघायचे. शामुवेल हसायचा आणि आपल्या वाटची रम मला देऊन टाकायचा. पण एका बाबतीत तो तसूभर हलायचा नाही. त्याच्या घरची रीत होती की त्या सकाळी येशूच्या जन्माची कथा वाचून झाल्याशिवाय कुणी तोंडात घास घालायचा नाही. आणि ती आपली आपण वाचायची नाही, दुसऱ्यानं वाचून दाखवायची.

पहिल्या वर्षी त्यानं बायबलचं पुस्तक माझ्या हातात दिलं, तेव्हा मी म्हणालो, "तुले तं सारं पाठ हाये. मले कायले तरास देतं?"

"बाबा म्हणते, हे बातमी हाये. बातमी आपली आपल्याले सांगता येते का? मेंढपायाईले बी दुसऱ्यानंच सांगतली."

"अन् मी तं हिंदू."

"तुले वाचता येते ना? मंग झालं."

मी चौथीपर्यंत शिकलेला. अडखळत वाचलं. तो डोळे मिटून असा ऐकत होता की जणू आजच कळतंय. वाचून झालं तसा उठला आणि माझ्यापेक्षा दुप्पट जेवला.

पुस्तक त्याच्या वडिलांचं होतं. त्यांची नजर गेली, तेव्हा त्यांनी ते शामुवेलला दिलं. लहानपणापासून घरात तोच वाचायचा.

चव्वेचाळीसला बडा खाना दुपारी ठरला होता. उजाडताच हुकूम बदलला. पुढे दारूगोळा आणि राशन कमी पडत होतं.

"बड़ा खाना शाम को," हवालदारसाहेब म्हणाले. आवाजावरून त्यांनाच जास्त वाईट वाटत होतं. "अभी गाड़ी लगाओ."

लंगरवाल्यानं प्रत्येकाला पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी दिली. आम्ही स्टिअरिंगवरच खाल्लं. शामुवेलनं आपल्या पुऱ्या हॅवरसॅकमध्ये ठेवल्या.

समोरून अँब्युलन्स येत होत्या म्हणून कॉन्व्हॉय थांबला. मी उतरलो आणि त्याच्या शेजारी जाऊन बसलो. वाचायला घेतलं. राजाचा शिरगणतीचा हुकूम, लांबचा प्रवास, उतरायला जागा नाही, गव्हाणीतलं बाळ. मग रानात कळप राखणारे मेंढपाळ. देवदूत येऊन त्यांना भिऊ नका म्हणतो, तिथवर आलो आणि डिस्पॅच रायडर मोटरसायकलवरून ओरडत गेला.

"मूव्ह! गाड़ी बढ़ाओ! मोड़ पर रुकना नहीं!"

"थोडंच राह्यलं, वाचून टाकतो," मी म्हणालो.

"नाई. पुढचे पोरं वाट पाहून राह्यले. पुढच्या हॉल्टले वाच."

मी पानात आगकाडी घातली, पुस्तक शर्टात खुपसलं आणि पळत माझ्या गाडीत चढलो.

खालच्या वळणावर जपान्यांच्या तोफेचा नेम बसलेला होता. पहिला गोळा वर डोंगरात पडला. दुसरा रस्त्याच्या कडेला, शामुवेलच्या पुढच्या चाकाशी. बांधावर भरलेली गाडी कलंडते तशी त्याची लॉरी सावकाश कलली. मग समोर नुसता रस्ता होता.

"रुकना नहीं! निकलो! निकलो!" हवालदारसाहेब हात करत होते.

मी निघालो. हुकूम बरोबर होता, मागे अजून गाड्या होत्या. रडत गाडी चालवता येते, हे मला तेव्हा कळलं.

माल उतरवून आलो आणि दोर लावून दरीत उतरलो. त्याच्या गाडीत पिठाची पोती होती. सगळी झुडपं पांढरी झाली होती. तो केबिनखाली सापडला. हॅवरसॅकमध्ये पुऱ्या तशाच होत्या.

पाद्री जवळपास नव्हते. प्रार्थना आमच्या सुभेदारसाहेबांनी केली, त्यांना येत होती तशी. संध्याकाळी बडा खाना शिजला. हवालदारसाहेबांनी रमचा मग तोंडाला लावला नाही.

पुढच्या डिसेंबरात मी फौजेतून सुटून घरी आलो आणि नाताळच्याच दिवशी पुस्तक घेऊन वाशीमला गेलो. दारावर कागदी चांदणी लावलेली होती. त्याचे वडील, याकोबबाबा, खाटेवर बसले होते. मी कोण ते सांगितलं. बोलली आधी त्याची आई.

"माह्या पोरानं काही खाल्लं होतं का रे त्या दिवशी?"

हो म्हणणं सोपं होतं. जमलं नाही.

"नाई, माय."

ती पदर तोंडाला लावून आत गेली. बाबा बराच वेळ पुस्तकावरून हात फिरवत होते.

"वाचलं होतं?"

"अर्धं."

"कुठलोक?"

"देवदूत भिऊ नका म्हणते, थेथलोक."

"मंग बातमी राह्यली," ते हळूच म्हणाले. "ते तं त्याच्या पुढंच हाये."

काडी अजून पानात होती. त्यांनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं.

"पहिल्यापासून नोको. थेथूनच वाच."

मी वाचलं. आज तुमच्यासाठी तारणारा जन्मला आहे, ही देवदूताची बातमी. आई चुलीपासून उठून दारात येऊन उभी राहिली. संपल्यावर बाबांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "पोचलं त्याले. आता वाढ वो." त्या माउलीनं मला पाटावरून उठू दिलं नाही, पुरीवर पुरी वाढत राहिली. निघताना पुस्तक परत माझ्याच हातात आलं.

ती दोघं होती तोवर दर नाताळला मी वाशीमला जात होतो. आता घरीच वाचतो. आमची बायको अजून विचारते, "उपाशी काहून बसता? किरिस्ताव झाले काय तुमी?"

"नाई वो. एका माणसाले आगकाडीपुढचं सांगाचं हाये."

ती पुऱ्या झाकून ठेवते. मी मळ्यात विहिरीच्या काठावर बसतो आणि काडीच्या पुढून मोठ्यानं वाचतो. ऐकणारा आहे शिपाई ड्रायव्हर शामुवेल याकोब, मुक्काम वाशीम.